एक हात मोकळा

स्वयंपाकघरातला वजनकाटा डायनिंग टेबलवर आणून मी कॅमेऱ्याचं सामान एकेक करून त्यावर ठेवत गेले. निकॉन डी५६००ची बॉडी, बॅटरी आणि कार्ड धरून ४६५ ग्रॅम. १८-५५ची किट लेन्स २०५. लांबचं टिपणारी ७०-३०० ४१५. ३५ मिलिमीटरची छोटी प्राइम २००. फ्लॅश, चार सेल घातल्यावर, साडेचारशेच्या पुढे. ट्रायपॉड सव्वा किलो, आणि हे सगळं पोटात घेणारी बॅग रिकामीच आठशे. बेरीज पावणेचार किलोच्या वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुण्याहून खोपोलीला, इमॅजिका थीम पार्कला निघणार होतो. नवरा, सात वर्षांची लेक, बारा वर्षांचा पुतण्या, सासूबाई आणि मी. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, लेकीचा स्वेटर आणि खाऊ अजून काट्यावर चढलाच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका पार्कात मी हे सगळं घेऊन गेले होते. मोठ्या राइडवर सुटी वस्तू नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्या वेगात निसटलेला फोनसुद्धा खालच्या माणसाचं डोकं फोडेल. म्हणून प्रत्येक रांगेच्या तोंडाशी कुणीतरी बॅग सांभाळत बसायचं. ती बसणारी बहुतेक वेळा मीच होते. दिवसभरात मी चारशेच्या वर फोटो काढले आणि दोनच राइड घेतल्या. लेकीचा हात धरायला नवरा, कॅमेरा धरायला मी, अशी वाटणी होऊन गेली.

सासूबाई काट्याकडे बघत होत्या. त्या आत गेल्या आणि जुना अल्बम घेऊन आल्या. नव्वदच्या दशकात, माझा नवरा शाळेत असताना, हे कुटुंब गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेलं होतं. १९८९ साली सुरू झालेला तो पार्क तेव्हा मुंबई-पुण्याच्या मुलांचं मोठं स्वप्न होता. सासऱ्यांनी एक रोल नेला होता, ३६ फोटोंचा. त्यातले तिसेक फोटो अल्बममध्ये नीट चिकटवलेले आहेत. लाँचवरचे, भेळ खातानाचे, पाळण्याखाली उन्हात डोळे बारीक केलेले. सासरे एकाही फोटोत नाहीत.

“हे गेले तेव्हा या सहलीतला त्यांचा फोटो मी शोधत होते,” सासूबाई म्हणाल्या. “मग लक्षात आलं, सगळे त्यांनीच काढलेत.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “तुझा मागच्या वेळचा फोटो आहे का गं एखादा?”

चारशे फोटोंत माझे दोन होते, आणि त्यातल्या एकात अर्धा चेहरा नवऱ्याच्या अंगठ्यामागे गेला होता. मी काट्यावरचं सगळं उतरवलं आणि निवड पहिल्यापासून सुरू केली.

ट्रायपॉड आधी बाजूला गेला. गर्दीत त्याचे तीन पाय कुणाच्या ना कुणाच्या पायात येतात. फ्लॅशलाही फार विचार लागला नाही. त्याचा उजेड काही मीटरच पोचतो. परेडमध्ये तो समोरच्या माणसाच्या केसांवर पडतो आणि रथ काळाच राहतो. अंधाऱ्या राइडमध्ये तर फ्लॅश मारणं म्हणजे आसपासच्या सगळ्यांचा अनुभव मोडणं. तिथे आत फोटोच काढायचा नाही, हेही तेव्हाच ठरवलं.

खरा मोह ७०-३००चा होता. पुतण्याला नायट्रोवर बसायचं होतं. या रोलर कोस्टरच्या गाडीला पायाखाली तळ नाही, पाय अधांतरी लोंबतात, आणि वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. शटर १/२५० सेकंदच उघडं राहिलं तरी तेवढ्यात गाडी ११ सेंटिमीटर सरकते आणि चेहरा पुसला जातो. १/१००० ला हीच सरक तीन सेंटिमीटरच्या आत येते. डिसेंबरच्या स्वच्छ उन्हात ते सहज जमतं. पण मागच्या सहलीतला असाच एक फोटो मी लॅपटॉपवर उघडून पाहिला. गाडी लख्ख आली होती, रुळाचा एकेक बोल्ट दिसत होता, आणि खांद्यावरच्या जाड पट्ट्यांमागे दडलेल्या चेहऱ्यांमधला आपला कोणता, हे घरातल्या कुणालाही सांगता येईना. त्या एका फोटोसाठी दिवसभर ४१५ ग्रॅम वागवायचे नाहीत. पुतण्या राइडवरून उतरेल तेव्हाचा चेहरा घ्यायचा, आणि त्याला लांबची लेन्स लागत नाही.

उरल्या दोन लेन्स. त्यांची परीक्षा पॅसेजमध्ये घेतली. एकच बल्ब चालू ठेवला, लेकीला भिंतीशी उभं केलं आणि शटर १/१२५ ला बांधलं. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. कॅमेऱ्याला आयएसओ १२८०० वर जावं लागलं आणि गालावर वाळू पसरल्यासारखे दाणे आले. ३५ची प्राइम एफ/१.८ पर्यंत उघडते, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड आत घेते. तिला १२५० पुरलं आणि गाल गालासारखा राहिला. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, परेड दिव्यांच्या उजेडात निघते. निर्णय तिथेच झाला. या लेन्सला झूम नाही, जवळ जायचं तर आपल्या पायांनी जायचं. घरच्या माणसांचे फोटो काढताना ती अडचण नाही. जवळ गेलं की ती बोलतात. मोठ्या दृश्याला आणि व्हिडिओला फोन आहेच.

सहलीचा दुसरा दिवस वॉटर पार्कचा होता. तिथे कॅमेरा नेणार नव्हते, फक्त फोन. फोनवर आयपी६८ लिहिलेलं असलं तरी ती चाचणी स्वच्छ, संथ पाण्यातली असते. क्लोरीनच्या पाण्याला आणि घसरगुंडीच्या मारालाही फोन टिकेल, असं त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून गळ्यात अडकवायच्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. दोन्हींत कोरा टिश्यू पेपर घालून, वर वाटी ठेवून, बादलीत अर्धा तास बुडवल्या. एकीतला कागद कोरडा निघाला, दुसरीतला कोपऱ्यावर ओला. ती तिथेच कचऱ्यात गेली. ही चाचणी फुकट आहे आणि फोनची किंमत वाचवते.

शेवटी बॉडी आणि लेन्स मिळून ६६५ ग्रॅम. सोबत एक जादा बॅटरी, एक जादा कार्ड, चष्म्याचं मऊ फडकं आणि दोन मोठ्या झिपलॉक पिशव्या. गळ्यातला पट्टा काढून आडवा, खांद्यावरून कमरेशी येणारा लावला. वाकलं तरी कॅमेरा पोरांच्या डोक्यावर आपटत नाही आणि एक हात मोकळा राहतो.

झोपण्यापूर्वी पुतण्याला जवळ बसवलं. ॲपर्चर एफ/२.८ वर ठेवलं, आयएसओ ऑटो करून वरची मर्यादा ६४०० घातली, शटर १/२५० पेक्षा मंद होऊ नये असं बांधून टाकलं. “मधला ठिपका चेहऱ्यावर धर. बटण अर्धं दाब, कॅमेरा टिक करेल. मग श्वास रोखून पूर्ण दाब.” दहा मिनिटांत त्याने आजीचे सहा फोटो काढले. चौथ्यात आजीच्या चष्म्याची दोरीसुद्धा स्पष्ट आली. “काकू, उद्या माझ्याकडे देशील ना?” त्याने विचारलं. मी हो म्हणाले.

पार्कात रांगा लांब होत्या आणि तोच फोटोंचा खजिना निघाला. उंची मोजायच्या फळीशी लेक टाचा उचलून उभी राहिली, मग कर्मचाऱ्याने टाचा खाली टेकवायला सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. दोन फोटो, दोन सेकंदांच्या अंतराने. पुतण्या नायट्रोवरून उतरला तेव्हा केस उभे होते, हात कठड्यावर घट्ट, आणि बोलायला तोंड उघडूनही शब्द फुटत नव्हता. मी त्याच्यापासून दोन हातांवर होते.

स्नो पार्कसाठी झिपलॉक पिशव्या नेल्या होत्या. आतल्या थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगाजवळच्या खिशात ठेवली. पांढऱ्या बर्फाला कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करतो. उजेड एक स्टॉप वाढवला तेव्हा बर्फ पांढरा आला. बाहेर पडायच्या आधी, आतच, कॅमेरा पिशवीत बंद केला. गार काचेवर बाहेरची दमट हवा लागली की दव धरतं, आणि तेच दव लेन्सच्या आत शिरलं तर पुढे बुरशी होते. कोकण-घाटातल्या हवेत लेन्स बाळगणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक आहे. पिशवीत दव पिशवीवर बसतं, काच कोरडी राहते. अर्ध्या तासाने कॅमेरा बाहेर काढला.

दुपारनंतर कॅमेरा बहुतेक पुतण्याकडेच होता. मी पाच राइड घेतल्या, त्यातल्या तीन लेकीबरोबर. परेडच्या वेळी आम्ही फुटपाथच्या कडेला बसलो, लेक माझ्या मांडीवर. रथांचे रंग तिच्या तोंडावरून सरकत होते. पुतण्या समोर उकिडवा बसला आणि त्याने श्वास रोखला, एवढं मला दिसलं.

घरी आल्यावर चोवीस फोटो चार बाय सहाच्या आकारात छापून घेतले. त्या मांडीवरच्या फोटोत लेकीचा हात थोडा हलला आहे, आमचे दोघींचे चेहरे मात्र स्पष्ट आहेत. तो सासूबाईंनी एस्सेलवर्ल्डच्या अल्बममध्ये, शेवटच्या कोऱ्या पानावर लावला.

तुम्ही निघणार असाल तर आदल्या रात्री सामान काट्यावर ठेवा. दिवसभर एक हात मोकळा राहील एवढंच न्या. आणि घरातल्या आणखी एका माणसाला अर्धं बटण आणि पूर्ण बटण शिकवा. दहा मिनिटं लागतात.