शिरूर-दौंडच्या एसटीचा खर्च कोणी उचलायचा?
1 जून 1948 रोजी एसटीची पहिली बस धावली ती पुणे–अहमदनगर मार्गावर, म्हणजे शिरूरवरूनच. दौंडला रेल्वेचे जंक्शन आहे. पण शिरूरला रेल्वे नाही, तिथे एसटीला पर्याय खासगी वडाप जीपचाच. पुण्याच्या शहर बससेवेची, म्हणजे पीएमपीएमएलची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका भरून काढतात. शिरूर-दौंडच्या नगरपरिषदांकडे तेवढी ऐपत नाही, म्हणून तिथल्या एसटीच्या तुटीचा भार राज्यानेच उचलायला हवा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाले, हे उत्तमच झाले. पण त्या सवलतीची सरकारकडून येणारी भरपाई रखडली की डिझेल आणि पगार अडतात. तोट्यातली फेरी करदात्याने का पोसावी, असा आक्षेप घेतला जातो. पण रस्ते तरी कुठे नफ्यासाठी बांधतो आपण? फेरी बंद झाली तर मुलींचे कॉलेज सुटते. सरकारने सवलतीची रक्कम एसटी महामंडळाला दरमहा आगाऊ द्यावी.