मुलगी बारावीला जाईल तेव्हा कर्ज किती उरलेले असेल?

गृहकर्ज मंजूर झाले की करारनाम्याच्या जाड गठ्ठ्याबरोबर परतफेडीचा तक्ताही हातात येतो. 20 वर्षांच्या कर्जाला 240 ओळींचा हा तक्ता बहुतेक घरांत फाइलीत जातो आणि तिथेच राहतो. निदान त्याची पहिली ओळ सही करण्यापूर्वी वाचायला हवी. कर्ज 50 लाखांचे, दर 8.5 टक्के आणि मुदत 20 वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता 43,391 रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले 35,417 रुपये व्याजाचे असतात आणि मुद्दलात जमा होतात फक्त 7,974. पहिल्या वर्षभरात 5 लाख 20 हजारांहून अधिक रक्कम भरूनही मुद्दल एक लाखानेसुद्धा कमी झालेले नसते. दहा वर्षांनी, निम्मी मुदत सरल्यावर, सुमारे 35 लाख देणे बाकीच असते. यात बँकेची काही लबाडी नाही. चक्रवाढीचा हिशेबच असा चालतो. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रेपो दर 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला आणि अनेक बँकांचे गृहकर्ज आठ टक्क्यांच्या खाली गेले, हे खरे. तरीही इथे 8.5 टक्केच धरला आहे, कारण वीस वर्षांचे कर्ज आजच्या दरावर फिटत नसते. मधले चढउतार त्याला सोसावेच लागतात.

आता हा तक्ता घराच्या दिनदर्शिकेशेजारी ठेवून पाहू. पुण्यातले एक नोकरदार जोडपे नमुन्यादाखल घेऊ. नवरा 32 वर्षांचा, बायको 30 ची, मुलगी दोन वर्षांची, आईवडील साठीला टेकलेले. पंधरा वर्षांनी मुलगी बारावीत असेल, ही दोघे 47 आणि 45 ची असतील आणि आईवडिलांनी पंचाहत्तरी गाठलेली असेल. कॉलेजचा प्रवेश, वसतिगृह, आईवडिलांचे आजारपण हे मोठे खर्च याच चार-पाच वर्षांत एकमेकांवर येऊन आदळतात. त्या वर्षी 20 वर्षांच्या कर्जातले 21 लाख उरलेले असतील. हप्ता हलका पडावा म्हणून मुदत 30 वर्षांची घेतली असेल, तर 50 पैकी तब्बल 39 लाख. माझे म्हणणे एवढ्यापुरतेच आहे. कर्जाची मुदत ठरवताना आपण बँक किती वर्षे देते ते पाहतो आणि निवृत्तीचे वय मोजतो. मोजायला हवे ते घरातल्या मोठ्या मुलाचे बारावीचे वर्ष. त्या वर्षापर्यंत कर्ज संपलेले, निदान संपत आलेले असावे, आणि हप्त्याची आखणी त्या वर्षापासून उलट मोजत यावी.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता 49 हजारांवर जातो, आणि नुकत्या सुरू झालेल्या संसाराला दरमहा सहा हजार जास्त म्हणजे थोडे नव्हेत. दुसरी बाजू अशी मांडली जाते की महागाई वाढते, पगार वाढतो, त्यामुळे आज जड वाटणारा हप्ता दहा वर्षांनी हलका होतो. मग घाई कशाला? हे दोन्ही मुद्दे खरे आहेत, आणि वाट त्यांच्यातूनच निघते. करार 20 वर्षांचाच करावा, म्हणजे नोकरी गेली किंवा आजारपण आले तरी बंधनकारक हप्ता लहान राहतो. मात्र पगारवाढ झाली की दरवर्षी हप्ताही पाच टक्क्यांनी वाढवून भरावा. वर दिलेले 50 लाखांचे कर्ज मग 20 वर्षांऐवजी बारा वर्षे उलटून थोड्याच महिन्यांत फिटते. वाढत्या पगारातला एक लहान हिस्सा तेवढा त्याला लागतो. एवढे जमत नसेल तर दरवर्षी बोनसमधून एक जादा हप्ता भरला तरी कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तिगत कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच बँकांना मनाई केली आहे. जादा रक्कम भरताना फॉर्मवर दोन पर्याय असतात: हप्ता कमी करायचा की मुदत. मुदतीवर खूण करावी. हप्ता कमी केला की सुटलेले पैसे महिन्याच्या खर्चात विरून जातात आणि बारावीचे वर्ष जिथल्या तिथे राहते.

मुदतीकडे लक्ष ठेवायचे दुसरे कारण 2022 आणि 2023 मध्ये लाखो घरांनी अनुभवले. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.50 टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य निर्देशांकाला, बहुतांशी रेपोलाच, जोडलेली असल्याने ती वाढ जवळजवळ जशीच्या तशी कर्जदारापर्यंत पोहोचली. पण खात्यातून जाणारा हप्ता पूर्वीइतकाच राहिला, म्हणून अनेकांच्या ते ध्यानातच आले नाही. वाढली होती ती मुदत. समजा कोणी 6.5 टक्क्यांनी 50 लाख 20 वर्षांसाठी घेतले. हप्ता 37,279 रुपये. वर्षभरानंतर शिल्लक सुमारे 48 लाख 74 हजार असताना दर 9 टक्क्यांवर गेला. आता महिन्याचे व्याजच 36,555 रुपये होते, मुद्दलाला जेमतेम सव्वासातशे रुपये उरतात, आणि हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटायला 44 वर्षे लागतील. बत्तिशीतला कर्जदार पंचाहत्तरीपलीकडे जातो. बँका इतके ताणू देत नाहीत, कुठेतरी हप्ता वाढवतातच, पण मुदत किती सरकते ते यावरून कळावे. 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने हे सावरले. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो आणि त्याचा परिणाम कळवावा लागतो. म्हणून बँकेकडून दरबदलाचा संदेश आला की त्यात नवी मुदत किती महिन्यांची झाली तो आकडा आधी शोधावा. दर उतरतो तेव्हाही हीच काळजी घ्यावी. हप्ता कमी करून मागू नये. तोच चालू ठेवला की मुदत आपोआप आखडते.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण घडली तेव्हा या दोन्ही खर्चांची तयारी आधी बरीच वर्षे चालायची. आता घराचा खर्च आधी होतो आणि तयारी नंतर, म्हणून निदान सुरुवातीच्या रकमेचा हिशेब तरी चोख हवा. 30 लाखांहून अधिक आणि 75 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च त्या किमतीत धरत नाहीत. साडेबासष्ट लाखांच्या तयार फ्लॅटसाठी 50 लाख कर्ज मिळाले, तर साडेबारा लाख स्वतःचे. त्यावर पुणे शहरात 7 टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क 4 लाख 37 हजार आणि नोंदणी फी 30 हजार. म्हणजे घरात खिळा ठोकण्यापूर्वीच 17 लाखांच्या वर रोख हवी. खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, इथे तिचे साडेबासष्ट हजार होतात. ही रोख उभी करताना वडिलांची ग्रॅच्युइटी, आईचे सोने आणि स्वतःचा पीएफ या तिन्हीला हात लागतो. सोने आणि पीएफ पुढे काही प्रमाणात भरून काढता येतात. वडिलांचे निवृत्तीचे पैसे मात्र येत नाहीत, आणि पंधरा वर्षांनी त्यांच्या औषधपाण्याचा भार मुलाच्या हप्त्याशेजारीच येऊन बसतो. ते पैसे घेणे टाळता येत असेल तर घर दोन वर्षे उशिरा घ्यावे किंवा एक खोली कमी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर्ज मिळण्याची पात्रता बँक दोघांचे पगार मिळून काढते, आणि खरी मेख इथे आहे. मूल झाल्यावर मातृत्व रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनुसार आईला पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. सत्ताविसाव्या आठवड्यात काय, हे मात्र पाळणाघर, आजी-आजोबा आणि कामाच्या वेळा यांवर ठरते, आणि अनेक घरांत आईची नोकरी काही वर्षे थांबते. दोन पगारांवर ताणलेला हप्ता त्या वर्षी घराला निवड करू देत नाही: तिने थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही. म्हणून हप्ता एका पगारातून, ओढाताणीने का होईना, निघेल एवढाच असावा. दुसऱ्या पगारातून जादा परतफेड करावी. नावाचीही गोष्ट इथेच सांगायला हवी. कर्जात सहकर्जदार म्हणून सही केली की पूर्ण कर्जाची जबाबदारी येते, पण घराची मालकी त्या सहीने येत नाही. ती खरेदीखतात नाव असेल तरच येते. हप्ते भरणाऱ्या कितीतरी बायकांचे नाव खरेदीखतात नसते. नोंदणीच्या दिवशीच ते घालून घेणे सोपे, नंतर ते कटकटीचे आणि खर्चाचे होते.

कर्ज लवकर फेडण्याविरुद्ध सर्वांत जोरदार युक्तिवाद गुंतवणुकीचा आहे. साडेआठ टक्क्यांचे कर्ज फेडण्यापेक्षा तीच रक्कम म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाका, दीर्घ मुदतीत जास्त मिळेल. गणित चुकीचे नाही आणि तरुण वयात थोडी एसआयपी चालू असावीच. पण फेडलेल्या कर्जावर वाचलेले व्याज नक्की असते आणि करमुक्तही असते. शेअर बाजारातला परतावा अंदाजाचा असतो आणि सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर जुलै 2024 पासून साडेबारा टक्के कर आहे. त्याहून मोठी अडचण वेळेची. बाजार वीस वर्षांत वर जाईल हे बहुधा खरे ठरेल, पण मुलीच्या प्रवेशाच्या वर्षीच तो कोसळलेला नसेल याची हमी कोण देणार? तीस वर्षांची मुदत घेऊन वाचणारे महिन्याचे 4,945 रुपये खरोखरच दर महिन्याला गुंतवले जातात का, हेही प्रत्येकाने स्वतःला विचारावे. ते न गुंतवता खर्च झाले तर त्या सवलतीची किंमत 34 लाख रुपये जादा व्याज एवढी आहे. कर वाचतो म्हणून कर्ज ठेवा, हा सल्ला तर आता बराच शिळा झाला. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंतच वजावट आहे, आणि आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज 4 लाख 21 हजार होते. नव्या करप्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाहीच.

याचा अर्थ हाताशी असलेला पैसान् पैसा कर्जात ओतावा असा मात्र नाही. कर्जात भरलेली रक्कम रुग्णालयाच्या काउंटरवर उपयोगी पडत नाही. हप्ता धरून सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला असावा, कुटुंबाचा आरोग्यविमा असावा, मगच जादा परतफेड सुरू करावी. कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा विमा घेण्याचा आग्रह होतो आणि त्याची रक्कम कर्जातच मिळवली जाते. त्याची कायद्याने सक्ती नाही. वेगळा साधा टर्म विमा कर्ज फिटल्यावरही चालू राहतो, आणि तो विवाहित महिला संपत्ती कायदा, 1874 खाली घेतला तर त्याची रक्कम बायको-मुलांची असते, घेणेकरी त्यावर हक्क सांगू शकत नाहीत.

पन्नाशीपलीकडे कर्ज राहिले तर ते शेवटी पीएफमधूनच फिटते. राज्य सरकारी कर्मचारी बहुतांशी 58 व्या वर्षी निवृत्त होतात. खासगी नोकरीत तेवढीही शाश्वती नसते. ज्या रकमेवर पुढची वीस-पंचवीस वर्षे काढायची, तीच घराच्या भिंतींत अडकते. घरातून पुन्हा रोख काढण्यासाठी 2007 पासून उलट्या गृहकर्जाची सोय आहे. साठीनंतर घर तारण ठेवून बँकेकडून ठरावीक रक्कम घेता येते आणि हयातीत घर सोडावे लागत नाही. पण घर मुलांसाठी राखायचे ही आपली ओढ इतकी घट्ट आहे की ही योजना आपल्याकडे रुजली नाही. म्हणूनच रोख आधी वाचवणे महत्त्वाचे.

कर्ज संपले की काम संपत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 डिसेंबर 2023 पासून पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळायला हवीत आणि बँकेकडून उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, मूळ खरेदीखताची पाने मोजून ताब्यात घ्या, आणि सोसायटीच्या दप्तरात तुमच्या फ्लॅटपुढे लिहिलेला बँकेचा बोजा लेखी अर्ज देऊन उतरवून घ्या. आणि ज्यांचे कर्ज अजून चालू आहे त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत एकदा फाइल काढावी, शिल्लक किती महिन्यांची आहे ते पाहावे आणि त्या शेवटच्या महिन्याला घरातले मोठे मूल कितवीत असेल ते पेन्सिलीने शेजारी लिहून ठेवावे.