पेटंट नाही म्हणजे कुणाचंच नाही?

लातूर-नांदेडच्या सोयाबीन पट्ट्यात पेरणी यंत्राची नक्कल व्हायला फार वेळ लागत नाही. एकाने फणाचा कोन बदलला की पुढच्या हंगामात तोच फण दुसऱ्या तालुक्यातल्या वेल्डिंगच्या दुकानात दिसतो. हे कायद्यात बसतं का, यावर वर्कशॉपवाले आणि अभियांत्रिकीची मुलं दोघंही ठामपणे बोलतात, आणि बहुतेकदा चुकीचं.

‘आधी यूट्यूबवर व्हिडिओ टाकू, मागणी दिसली की पेटंट घेऊ’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. पेटंटसाठी वस्तू नवी लागते. अर्जाआधी तुम्हीच ती जगाला दाखवली, तर तुमचाच व्हिडिओ तुमच्या आड येतो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारखे मोजके अपवाद आहेत, तेही १२ महिन्यांपुरते; तालुक्याचं कृषी प्रदर्शन त्यात आपोआप बसत नाही. तात्पुरत्या तपशिलावरही अर्ज करता येतो, पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे; खिसा रिकामा होतो तो पुढची फी आणि एजंट यांच्यात. ज्याला पेटंट नकोच आहे, त्याने मात्र तारखेसह आराखडा जरूर प्रसिद्ध करावा. मग त्यावर दुसऱ्या कुणाला वैध पेटंट मिळणं अवघड होतं.

‘ओपन सोर्स म्हणजे बेवारशी’ हेही खरं नाही. इटलीत २००५ मध्ये जन्मलेल्या आर्डुइनो बोर्डाचे आराखडे खुले आहेत. तसा बोर्ड बनवून विका, पण त्यावर आर्डुइनो हे नाव छापलं की ट्रेडमार्कचा भंग.

खरी गोम पुढे आहे. सॉफ्टवेअरला कॉपीराइट लिहिताक्षणी मिळतो, म्हणून परवान्याच्या अटी पाळायला लावता येतात. यंत्राचं तसं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलं नाही आणि त्याच्या ५० हून अधिक वस्तू औद्योगिक पद्धतीने बनल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. त्यामुळे समोरचं यंत्र मोजून तसंच बनवणाऱ्याला सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा खुल्या हार्डवेअरसाठीचा परवानाही फारसा रोखू शकत नाही.

‘दहा टक्के बदल केला की झालं’ असा नियम कुठल्याच कायद्यात नाही. पेटंटात मांडलेले दावे पाहिले जातात. ‘स्वतःच्या शेतापुरतं चालतं’ हेही नाही. सवलत आहे ती प्रयोग, संशोधन आणि शिकवण्यासाठी.

परदेशी पेटंट इथे घेतलेलं नसेल, तर ते भारतात लागू होत नाही. भारतातली पेटंटं पेटंट कार्यालयाच्या इनपास संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. फण कापायला घेण्याआधी एक संध्याकाळ तिथे घालवा.