एकाच फोटोच्या किती प्रती?

मध्यंतरी आमच्या बचत गटाचा फोन भरला. फोटो काढायला गेलं की 'जागा शिल्लक नाही'. मग आम्ही बसलो आणि एकसारखे दिसणारे फोटो पुसत सुटलो. पुढे गटाच्या पहिल्या अध्यक्षबाई वारल्या. त्यांचा फोटो फ्रेमसाठी मोठा करायला दिला, तर स्टुडिओवाले म्हणाले, "हा मोठा केला की फाटतोय." मूळ फोटो आम्हीच पुसला होता, राहिली होती व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत. तेव्हा आम्ही हे काम नीट शिकून घेतलं.

दुबार फोटो दोन तऱ्हेचे असतात. पहिली तऱ्हा म्हणजे हुबेहूब प्रत, तीच फाइल दोन ठिकाणी. अँड्रॉइड फोनवर 'फाइल्स बाय गुगल' हे मोफत अ‍ॅप साफसफाईच्या भागात अशा दुबार फाइली काढून दाखवतं.

दुसरी तऱ्हा फसवी. फोटो दिसतो तोच, पण फाइल वेगळी. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना लहान करतं, म्हणून हुबेहूब प्रती शोधणाऱ्याला हा जोड सापडत नाही. त्यासाठी संगणक बरा. 'डिजिकॅम' या मोफत प्रोग्राममध्ये ही सोय आतच आहे. 'लाइटरूम'सारख्या प्रोग्रामला प्लगइन जोडता येतं. चेन बसवताना शिलाई मशीनला वेगळा पाय लावतो ना, तसंच! डिजिकॅम प्रत्येक फोटोचा जणू अंगठ्याचा ठसा तयार करतो आणि ठसे ताडून पाहतो. किती टक्के साम्य हवं ते आपण सांगायचं. टक्के फार कमी ठेवले, तर दोन वेगळ्या बैठकांचे फोटोही जोडीला येतात.

म्हणून पुसण्याआधी एवढं करा. सगळे फोटो पेनड्राइव्हवर घ्या. जोडीतल्या दोन्ही फोटोंचा आकार पाहा. जास्त एमबीचा ठेवा, कमीचा पुसा. चुकून पुसलाच, तर लगेच कचरापेटी उघडा. फाइल्स अ‍ॅपमध्ये तो तिथे 30 दिवस राहतो.

आणि महत्त्वाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे तो लहान होत नाही. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गटाचा फोन मध्ये ठेवा आणि दोघी-तिघी मिळून पाहा. एकटीने पुसू नका. कोणता फोटो कुणाला मोलाचा, हे दुसरीलाच ठाऊक असतं.