पिवळ्या झेंड्यावरचा कुलचा

जर्मनीतील गावोगावी स्वतःचे राजचिन्ह असते आणि त्यामागे काही ना काही कहाणी असते. म्युनिक शहराच्या चिन्हावर एक ख्रिस्ती भिक्षू आहे, कारण त्या शहराचे नावच मुळी भिक्षूंवरून पडले. आपल्या जालन्यावर 1948 पर्यंत आसफजाही घराण्याचा पिवळा झेंडा होता. त्याच्या मधोमध एक पांढरे वर्तुळ असे. ते पाहून कोणी चंद्र म्हणतात. पण तो चंद्र नव्हे, तो आहे कुलचा, म्हणजे तंदुरातली गोल रोटी.

कहाणी अशी सांगतात. मीर कमरुद्दीन, म्हणजे पुढचे निजामुल्मुल्क आसफजाह, आपले पीर हजरत निजामुद्दीन औरंगाबादी (रह.) यांच्याकडे गेले. पीरसाहेबांनी पिवळ्या कपड्यात बांधलेले कुलचे पुढे ठेवले आणि पोटभर खायला सांगितले. पाहुण्याने सात खाल्ले. पीरसाहेब म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. त्या कपड्याचा रंग झेंड्याला मिळाला आणि कुलचा त्याच्या मधोमध आला.

पुष्कळ घरांत हे पीर म्हणजे दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) असे सांगितले जाते. तसे होणे शक्य नाही. दिल्लीच्या हजरतांचे निधन 1325 मध्ये झाले आणि आसफजाह त्यांच्यानंतर साडेतीनशे वर्षांनी जन्मले. कहाणीतले पीर चिश्ती सिलसिल्याचेच, पण दिल्लीच्या शाह कलीमुल्लाह यांचे मुरीद. आपल्या मुर्शिदाच्या सांगण्यावरून ते दक्षिणेत आले आणि औरंगाबादेत राहिले. त्यांची मजारही तिथेच आहे.

आता साताचा हिशोब पाहू. मुलगा, नातू, पणतू असे मोजत गेले तर आसफजाह पहिले ते मीर उस्मान अली खान या सात पिढ्या बरोबर भरतात. पण गादीवर बसलेले मोजले तर दहा होतात. नासिर जंग, मुजफ्फर जंग आणि सलाबत जंग या तिघांना आसफजाहांच्या क्रमांकात धरत नाहीत. भविष्य खरे ठरले असे म्हणणारे पिढ्या मोजतात. आम्हांला विचाराल तर, राज्य संपल्यावर मागे वळून मोजले की आकडे जुळतातच. गैबचे ज्ञान अल्लाहशिवाय कोणाला नाही, हे तर आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. म्हणून कहाणी सांगू नये असे नाही. कहाणी म्हणून सांगावी.

या राज्याची सुरुवात आपल्या अगदी शेजारची. 11 ऑक्टोबर 1724 रोजी आसफजाहांनी मुबारिज खानाचा पराभव केला तो साखरखेर्डा येथे. हे गाव आज बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात आहे. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या हुकमावरून काबिल खानाने जालन्यात गढी बांधली. औरंगाबादेपेक्षा जालन्याची हवा त्यांना मानवत असे. मस्तगडावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

झेंड्यावर अक्षरेही होती. शेवटच्या निजामांच्या काळात वरच्या बाजूला ‘अल-अजमतु लिल्लाह’, म्हणजे सगळी थोरवी अल्लाहची, असे लिहिलेले असे. मध्ये निजामुल्मुल्क आसफजाह ही उपाधी आणि खाली ‘या उस्मान’. आम्हांला ही मांडणी फार बोलकी वाटते. वर एक गोष्ट कबूल केली आहे आणि त्याच कापडावर खाली राजाचे नावही आहे. ही ओढाताण त्या काळच्या प्रत्येक दरबारात होती. इथे ती लेखी सापडते, एवढेच. सप्टेंबर 1948 मध्ये हा झेंडा उतरला. त्या दिवसांत मराठवाड्यात जे घडले, त्यातले पुष्कळसे आमच्याकडच्या घरांत आजही मोठ्याने बोलले जात नाही. त्यामुळे मुलांच्या कानावर येते ती एकतर निजामाची नुसती शिवी, नाहीतर नुसती आठवणीची हळहळ. दोन्हींत तो कुलचा हरवतो. लग्नात नान-कलिया वाढताना एखादा मुलगा विचारतो, निजाम काय खात होते? तेव्हा सांगायला ही कहाणी बरी आहे, तिच्यातल्या चुकांसकट.

आसफजाह 1748 मध्ये बुऱ्हाणपूर येथे वारले. त्यांना खुलदाबादला हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब (रह.) यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले आहे. औरंगजेब बादशहाची कबर पाहायला जाणारे पुष्कळ असतात. रस्ता ओलांडला की हा दर्गा आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा तिथेही डोकावून या.