गाजलेली मोटार आणि न वळलेला ग्राहक : रांजणगावच्या कारखान्याच्या निमित्ताने काही विचार

प्रस्तावना

मोठा गाजावाजा होऊन बाजारात आलेली मोटार दोन-तीन वर्षांतच विस्मरणात जाते, असे चित्र भारतीय बाजारपेठेत वारंवार दिसते. अशा वेळी 'जाहिरात चुकली' किंवा 'भारतीय ग्राहकाला गुणवत्तेची पारख नाही' अशी दोन सोपी उत्तरे दिली जातात. वाणिज्य शाखेच्या वर्गातही विद्यार्थी हीच उत्तरे लिहितात आणि आपण त्यांना गुण देतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. त्यांचा अपुरेपणा तपासण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या महागणपतीच्या परिसरातील औद्योगिक वसाहतीत, या प्रश्नाचे जिवंत उदाहरण उभे आहे. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील अनेक कुटुंबांचे उत्पन्न या वसाहतीशी निगडित असल्याने हा प्रश्न आपल्यासाठी केवळ पाठ्यपुस्तकातील नाही.

पार्श्वभूमी

'फियाट' हे नाव महाराष्ट्राला नवे नव्हते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटची ११०० ही मोटार तयार होत असे. तीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली व मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत रस्त्यावर दिसली. त्या काळी अनेक घरांत 'फियाट' हा शब्द मोटारीचाच पर्याय होता.

१९९६ मध्ये याच परंपरेतून 'उनो' आली. तिच्यासाठी पावणेतीन लाखांहून अधिक नोंदण्या झाल्या. परंतु कुर्ल्यातील संप व उत्पादनातील दिरंगाई यांमुळे मोटारी वेळेवर मिळाल्या नाहीत आणि विश्वासाला पहिला तडा गेला. २००१ मध्ये सचिन तेंडुलकर यांना जाहिरातीत घेऊन 'पालिओ' आणली गेली. प्रारंभीचे स्वागत उत्तम होते. तथापि पेट्रोल अधिक लागते हा बोलबाला झाला आणि मागणी ओसरली.

त्यानंतर टाटा मोटर्स व फियाट यांनी समान भागीदारीत रांजणगावचा प्रकल्प हाती घेतला. २००६ च्या घोषणेनुसार येथे वर्षाला १ लाख मोटारी व २ लाख इंजिने तयार होणार होती. जानेवारी २००९ मध्ये 'लिनिया' व त्याच वर्षी जूनमध्ये 'पुंटो' बाजारात आली. देखणी बांधणी, मजबूत पत्रा, रस्त्यावरील स्थैर्य यांबद्दल जाणकारांनी दोहोंचे कौतुक केले. प्रत्यक्षात फियाटची भारतातील विक्री घोषित क्षमतेच्या निम्म्यापर्यंतही कधी पोचली नाही. दशक संपता संपता या दोन्ही मोटारी बंद झाल्या.

एक इंजिन, अनेक दैवे

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पुंटो व लिनियामधील १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन हे मूळ फियाटचे. हेच इंजिन परवान्याने मारुतीच्या 'स्विफ्ट' व 'डिझायर'मध्ये बसले आणि त्या मोटारी लाखोंनी खपल्या. २०१२ मध्ये तर मारुतीने रांजणगावहून वर्षाला १ लाखापर्यंत इंजिने घेण्याचा करार केला. टाटांच्या 'इंडिका व्हिस्टा' व 'मांझा' यांतही हेच इंजिन होते.

समाजशास्त्रांत प्रयोगशाळा क्वचितच मिळते. येथे ती आयती मिळाली आहे. इंजिन समान, इंधन समान, ग्राहक समान आणि परिणाम मात्र भिन्न. म्हणजे अपयशाचे कारण यंत्राच्या मूलभूत गुणवत्तेत नसून यंत्राभोवतीच्या व्यवस्थेत शोधले पाहिजे.

अपयशाची कारणमीमांसा

पहिले कारण विक्रीव्यवस्थेतील अंतर्विरोधाचे होय. फियाटच्या मोटारी टाटांच्या दालनांतून विकल्या जात. तेथे आलेल्या ग्राहकासमोर त्याच इंजिनाची, अधिक जागेची आणि कमी किमतीची मांझा उभी असे. विक्रेत्याने लिनियाची बाजू पोटतिडकीने का मांडावी, याला सबळ कारण नव्हते. २०१२ मध्ये ही व्यवस्था मोडून फियाटने स्वतंत्र दालने उभारण्याचे ठरविले. परंतु 'आता आपली गाडी दुरुस्त कोण करणार?' हा नवाच संभ्रम त्यातून निर्माण झाला.

दुसरे कारण एकूण खर्चाचे. ग्राहक दालनातील किंमत पाहत नाही, तो वापराचा संपूर्ण हिशेब मांडतो. केवळ उदाहरणादाखल ७ लाख रुपयांच्या दोन मोटारी घेऊ. पहिली लिटरला २० किलोमीटर धावते व दुसरी १६. वर्षाला १५ हजार किलोमीटर वापर आणि इंधन ९० रुपये लिटर धरल्यास दुसरीला वर्षाकाठी सुमारे १६,९०० रुपये अधिक लागतात. ५ वर्षांत ते ८४ हजारांवर जातात. त्यात पुनर्विक्रीत पहिलीला साडेतीन व दुसरीला अडीच लाख आले, तर एकूण फरक १ लाख ८४ हजारांचा होतो. पुंटो ही स्विफ्टपेक्षा वजनदार होती. तोच जड, मजबूत पत्रा ज्याची जाणकारांनी वाखाणणी केली, तोच या हिशेबात तिच्या विरोधात गेला.

तिसरे कारण अंतराचे. शिरूर किंवा दौंडहून पुणे शहर साधारणतः ७०-८० किलोमीटरवर आहे. अधिकृत दुरुस्तीकेंद्र पुण्यातच असेल, तर एका किरकोळ कामासाठी शेतकऱ्याचा, शिक्षकाचा किंवा कामगाराचा पूर्ण दिवस मोडतो. सुटा भाग उपलब्ध नसेल तर दुसरी फेरी ठरलेली. प्रस्तुत लेखकाने एका कंपनीची जुनी मोटार हौसेने घेतली होती. एका लहानशा भागासाठी ती तीन आठवडे उभी राहिली आणि त्या काळात घरातील वृद्धांना रुग्णालयात नेण्यासाठी शेजाऱ्यांची मोटार मागावी लागली. हा अनुभव आळीतील दहा घरांना कळला. त्या दहा घरांपैकी एकानेही पुढे त्या कंपनीच्या दालनाची पायरी चढली नाही. जाहिरात एकदा दिसते, दारात बंद पडलेली मोटार मात्र रोज दिसते.

चौथे कारण निर्णयप्रक्रियेचे. आपल्या भागात मोटार ही बहुधा कुटुंबाची खरेदी असते. उसाचे बिल आले, मुलीचे लग्न ठरले, नोकरीतील थकबाकी मिळाली, की विषय निघतो. अशा वेळी मत विचारले जाते ते गॅरेजवाल्याचे, भाड्याची गाडी चालविणाऱ्याचे आणि आधी मोटार घेतलेल्या भावकीतील माणसाचे. हे तिघेही नावीन्याला नव्हे, तर खात्रीला मत देतात. ज्याला आपण ग्राहकाचा पुराणमतवाद म्हणतो, तो वस्तुतः मर्यादित उत्पन्नात जोखीम टाळण्याचा विवेक असतो.

नॅनोचा दाखला

प्रतिष्ठेचा मुद्दा यात राहून जाऊ नये. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत टाटांनी 'नॅनो' सादर केली तेव्हा तिची चर्चा जगभर झाली. पुढील वर्षी २ लाखांहून अधिक नोंदण्या आल्या. परंतु सिंगूरहून साणंदला झालेल्या स्थलांतरामुळे उत्पादन लांबले, काही मोटारींना आग लागल्याच्या बातम्या पसरल्या आणि वर्षाला अडीच लाखांची क्षमता असलेला कारखाना रिकामा राहिला. येथे किंमत अडसर नव्हती. उलट 'सर्वांत स्वस्त' ही ओळखच अडसर ठरली. दुचाकीवरून चारचाकीकडे जाणाऱ्या कुटुंबाला चार चाकांबरोबर मानही हवा होता. ही ओळख चुकीची ठरल्याचे रतन टाटा यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले.

त्याच प्रवेशद्वारातून यश

रांजणगावची कथा मात्र येथे संपत नाही. २०१७ मध्ये याच कारखान्यातून जीपची 'कंपास' व टाटांची 'नेक्सॉन' बाहेर पडली. कंपासची प्रारंभिक किंमत १५ लाखांच्या आत ठेवल्याने तिचे जोरदार स्वागत झाले. पुढे प्रतिस्पर्धी वाढताच तिची मागणी मंदावली. नेक्सॉनला २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच तारे मिळाले आणि देशातील सर्वाधिक खपाच्या मोटारींत तिची गणना होऊ लागली. तालुक्यातील तेच मनुष्यबळ व तीच वसाहत. एकीच्या मागे तालुकापातळीपर्यंत पोचलेले जाळे होते, दुसरीच्या मागे ते मर्यादित होते. मजबूत पत्र्याला भारतीय ग्राहक किंमत देत नाही, हा समजही नेक्सॉनने खोटा ठरविला. त्या मजबुतीला विश्वासार्ह चाचणीचा आधार व जवळच्या दुरुस्तीकेंद्राची जोड मिळताच ग्राहक वळला.

समारोप

मोटारीचे अपयश हे केवळ कंपनीच्या ताळेबंदातील तूट नसते. मावळ तालुक्यातील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतातील विक्री थांबविली व २०२० अखेर तेथील उत्पादनही थांबले. त्याची झळ कामगारांना, सुटे भाग पुरविणाऱ्यांना आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या गावकऱ्यांनाही बसली. रांजणगाव तगले, कारण तेथे दुसऱ्या मोटारीला जागा देणारी भागीदारी होती. हा फरक आपल्या विद्यार्थ्यांच्या भवितव्याशी थेट संबंधित आहे.

तात्पर्य, प्रसिद्धी ग्राहकाला दालनापर्यंत आणते. तेथून पुढे त्याला गॅरेजवाला, पुनर्विक्रीचा भाव आणि शेजाऱ्याचा अनुभव नेतात. हे तत्त्व शिकविण्यासाठी परदेशी पाठ्यपुस्तकांतील उदाहरणांची आवश्यकता नाही. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावरील चार गॅरेजांत विद्यार्थ्यांना एक दिवस बसविले, कोणती मोटार किती दिवस उभी राहते व का, याची नोंद करावयास सांगितली, तरी बाजारपेठेचा एक उत्तम धडा त्यांच्या पदरी पडेल.