फडताळ हलले, तरी हात तिथेच

जुन्या वाड्यातील स्वयंपाकघराची मांडणी बदलली, की पुढे कित्येक दिवस घरच्या वडीलधाऱ्या बाईंचा हात मिठासाठी जुन्याच फडताळाकडे जातो. बरणी डोळ्यांसमोर असते. पण हात ऐकत नाही. संगणकावर काम करणाऱ्या माणसाची गत याहून निराळी नाही.

१९९५ साली ‘विंडोज ९५’ आली आणि पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चे बटण बसले. पुढे सतरा वर्षे लोकांचे हात त्या कोपऱ्याकडे आपसूक वळत राहिले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ निघाली, तीत हे बटणच नाहीसे झाले. बोटाच्या स्पर्शाने चालणारे पडदे डोळ्यांपुढे ठेवून ही रचना केली होती; परंतु बहुतेकांच्या मेजावर अजून माऊसच होता. लोक कुरकुरले, कित्येकांनी निराळी साधने घालून जुनी यादी परत आणली. अखेर २०१३ साली बटण परतले आणि २०१५ च्या ‘विंडोज १०’मध्ये यादीही परतली. २०२१ च्या ‘विंडोज ११’ने ते बटण मध्यभागी नेले खरे, पण ज्याला हवे त्याला ते डावीकडे ठेवण्याची सोय राखली. मधल्या नऊ वर्षांत आलेले शहाणपण ते हेच!

आपल्या मराठी टंकलेखकांना तर याहून अवघड वळण घ्यावे लागले. जुन्या टंकलेखनयंत्रावर ‘कि’ लिहावयाचा, तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘क’. कारण कागदावर वेलांटी डावीकडे उमटते. संगणकाच्या ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणीत क्रम उच्चाराचा: आधी ‘क’, मग वेलांटी. अक्षर तेच, पण उभी हयात यंत्रावर घालविलेल्या बोटांना सारे उफराटे! एका दिवसात कसबी माणूस शिकाऊ ठरला. पुढे जुनी मांडणी कायम ठेवून युनिकोडमध्ये लिहू देणारी साधने निघाली, तेव्हा अशा अनेकांची सोय झाली.

तथापि नवे ते वाईट, असेही नव्हे. इन्स्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांना बहुतांशी समान आहे; देवनागरीत बसलेला हात गुजरातीतही चालतो. आपल्या बडोद्यात, जेथे एकाच घरात दोन्ही लिप्यांत पत्रे लिहिली जात, तेथे हा लाभ लहान नाही. मात्र तो कुणी समजावून सांगावयास हवा आणि जुनी वाट काही काळ उघडी ठेवावयास हवी.

म्हणूनच घरातील तरुण मंडळींना एक विनंती. नवे रूप आले आणि आजोबांचे बोट पडद्यावर अडखळले, तर ‘द्या इकडे, मी करतो,’ म्हणून यंत्र हातातून काढून घेऊ नका. बदललेली जागा एकदा दाखवा आणि पुढचे त्यांच्याच बोटाने होऊ द्या. चार वेळा चुकेल. पाचव्या वेळी हात आपोआप तिकडे वळेल.